पाचचं बटण

३ डिसेंबर २०१८, सोमवार

नवीन वही, नवीन गाव आणि पहिली नोकरी. तिन्ही एकाच दिवशी सुरू झाली, म्हणून आजपासून रोज थोडं तरी लिहायचं ठरवलंय.

सव्वाअकराला डहाणू रोडला उतरले. संस्थेचे इथले प्रमुख रूपेश सर मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभे होते. फोनवर कडक वाटायचे, पण समोर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर जेवलात का. मी नाही म्हटल्यावर वडापाव खायला घातला आणि हातगाडीवरून डझनभर चिकू घेऊन माझ्या पिशवीत टाकले. म्हणाले, डहाणूला येऊन चिकू न खाता कामाला लागलं तर लोक हसतील. आमच्या संगमनेरच्या बाजारात चिकू मिळतात, पण ते चिकू आणि हे चिकू यांचं नातं नाही.

तिथून तलासरीच्या दिशेनं तासभर गाडीवर. पाड्याचं नाव बोरमाळपाडा. सव्वाशेच्या आत घरं, उतारावर इकडे तिकडे. दिवाळीपासून या भागात जमीन हादरतेय. मोठं काही नाही, पण थांबतही नाही. संस्था ताडपत्र्या आणि पुढे तंबू देणार आहे, त्यासाठी प्रत्येक घराची यादी हवी. सकाळी घरोघर जाऊन कागदावर माहिती घ्यायची आणि दुपारी बालवाडीच्या खोलीत बसून लॅपटॉपवर भरायची. लॅपटॉप संस्थेचा, जुना. काही बटणांवरची अक्षरं पुसून गेलीत, पण मला बघायची गरज नाही. टायपिंगला मी वर्गात पहिली होते.

राहायची सोय बुधीमावशींकडे. घरात त्या, पांड्याकाका, मुलगा मनिष, त्याची बायको शुक्री आणि त्याची नववीतली बहीण बारकी. शुक्रीला सातवा महिना लागलाय. पुढची विटांची खोली त्यांनी मला दिली. मी नको म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, तसेही आम्ही अंगणातच झोपतो. मग मलाही अंगणातच यावं लागेल हे लक्षात आलं आणि सगळेच हसलो. आईला फोन करून सांगितलं की माणसं चांगली आहेत.

५ डिसेंबर, बुधवार

आज पहिला धक्का खाल्ला. दुपारी सव्वातीनला बालवाडीत बसले होते. आधी आवाज आला, खाणीत सुरुंग उडवतात तसा, पण खालून. मग टेबल हललं. मी बाहेर पळाले तेव्हा पाडाभर बायका मुलांना काखेत मारून अंगणात उभ्या होत्या. कोणी ओरडत नव्हतं. पाच मिनिटांनी जी ती आपल्या कामाला लागली. मला मात्र उगाचच हसू येत होतं, थांबेचना. शुक्रीनं पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, पहिल्यांदा तिलाही असंच झालं होतं.

९ डिसेंबर, रविवार

चाळीस घरं झाली. रकाने आता पाठ आहेत. कुटुंबप्रमुखाचं नाव, घरातली माणसं, भिंती कसल्या, भेगा किती. माणसांच्या रकान्यात फक्त आकडा चालतो, अक्षर घालायला गेलं तर घेत नाही.

आपसात ही मंडळी त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी मराठीत. मला निम्मं कळतं. बारकी मला रोज दोन शब्द शिकवते आणि मी चुकीचे म्हटले की शुक्रीला ऐकवून हसते. नागलीची भाकरी थापायला शिकतेय. मावशींनी माझी भाकरी बघितली आणि कोंबड्यांना घातली.

शुक्रीनं बाळासाठी जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतलीय. मीही चार टाके घातले. मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, हा घरातला रोजचा वाद. काकांना सोडून सगळ्यांना मुलगी हवीय. काकांना विचारलं तर म्हणाले, जे येईल ते हातीपायी धड येवो.

१३ डिसेंबर, गुरुवार

आज वेळ फुकट गेला. सत्तेचाळीस नंबरचं घर भरत होते. तुळशीचं घर. ती, नवरा, दोन मुलं आणि म्हातारा सासरा. पाच. मी पाचचं बटण दाबलं, काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. रकाना कोराच.

मग जे सगळे करतात ते सगळं केलं. लॅपटॉप उलटा करून झटकला. फुंकर मारली. बारकीचा जुना टूथब्रश आणून बटणाच्या कडा साफ केल्या, चिमूटभर धूळ निघाली. बंद करून चालू केला. काही फरक नाही. उशीर होत होता, म्हणून तिथे तात्पुरता चार टाकला आणि कागदावर शेजारी पेन्सिलीनं खूण केली, की बटण दुरुस्त झाल्यावर पाच करायचे. पुढच्या सहा घरांत नशिबानं कुठेच पाच माणसं नव्हती.

१५ डिसेंबर, शनिवार

जीपनं डहाणूला जाऊन आले. स्टेशनजवळ जतीनभाईंचं दुकान आहे, लॅपटॉप नि मोबाईल दुरुस्तीचं. माणूस मोठा हौशी. पातळ पट्टीनं बटण अलगद उचकटलं, खालचा रबर काढून भिंगातून बघितला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, परत बसवला. मग कोरं पान उघडून मला म्हणाले, दाबा. दाबलं. पाच उमटला. मी पानभर पाच टाईप केले, एकही चुकला नाही. म्हणाले, “बेन, बटणमध्ये काय पण खराबी नाय. दर्याकाठी असतं तर खाऱ्या हवेनं खाल्लं बोललो असतो. तुमी तर वरती ऱ्हाता.”

परत येऊन आधी सत्तेचाळीस उघडलं. चार पुसून पाच दाबलं. रकाना कोरा. खालच्या ओळीत दाबलं, उमटलं. वरच्या ओळीत उमटलं. सत्तेचाळीसमध्ये नाही. दुसरीकडचा पाच उचलून तिथे चिकटवला, तर तोही बसेना. चार लगेच बसला.

रूपेश सरांना फोन केला. म्हणाले, फाईल बिघडली असेल, तूर्त चार राहू द्या. एका माणसानं ताडपत्री लहान होत नाही.

१८ डिसेंबर, मंगळवार

सकाळी अकराच्या धक्क्याला तुळशीचा सासरा अंगणात येऊन बसला आणि बसल्या जागी गेला. वय झालं होतं, दमाही होता. मावशींबरोबर मी गेले. बायका बसल्या होत्या, मीही कडेला बसले. तुळशी कोणालातरी सांगत होती, की आता घरात चौघंच उरलो.

तिथून मी आले ती तडक बालवाडीत. सत्तेचाळीसमधला चार तसाच होता. आता तो बरोबर होता, दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

योगायोग. म्हातारा माणूस, थंडी, रोजचे धक्के. मी हे लिहून ठेवतेय, कारण लिहिलं की ते तेवढंच दिसतं.

२६ डिसेंबर, बुधवार

पुन्हा झालं. त्र्याऐंशी नंबर. रूपीचं घर, पाड्याच्या वरच्या टोकाला. ती, नवरा, तीन मुलं. पाच दाबलं, रकाना कोरा.

या वेळी मी चार टाकला नाही. बोट चारवर नेलंसुद्धा नाही. रूपेश सर पाड्यावरच होते, त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः दाबून बघितलं. गाडीच्या डिकीतून वेगळा कीबोर्ड आणून जोडला. पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माऊसनं पाचवर टिचकी मारली. नवी फाईल करून सगळी यादी तिच्यात उतरवली. त्र्याऐंशीचा रकाना प्रत्येक वेळी कोरा. बाकी सगळीकडे पाच येतोय. सरांनी वेगळा कीबोर्ड काढून माझ्याकडेच ठेवला. मग म्हणाले, कोराच ठेवा, मी डहाणूला गेल्यावर बघतो.

मी त्यांना तुळशीच्या सासऱ्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही घरापासून पहिल्यांदाच लांब आलाय, झोप नीट होत नसेल.

२७ डिसेंबर, गुरुवार

न राहवून रूपीकडे गेले. सांगणार काय? घराला भेगा आहेत, आत थांबू नका, असं म्हटलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. भेगा सगळ्यांच्याच घरांना आहेत. तेवढ्यात तिचा नवरा म्हणाला, की तिचा भाऊ भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे आणि कधीचा बोलावतोय. मी लगेच म्हटलं, जा. आजच जा. मुलांना घेऊन जा.

मी इतकं कळवळून सांगितलं की रूपीनं माझा हात धरला. निघताना तिनं मला परसातला दुधी दिला.

३० डिसेंबर, रविवार

रूपीची माणसं काल सकाळी टेम्पोनं निघाली. टेम्पो हायवेवर उलटला. पाचही.

मी सांगितलं म्हणून गेली.

संध्याकाळी वर जाऊन आले. कुलूप आहे. घर शाबूत. एकसुद्धा नवी भेग नाही.

३ जानेवारी २०१९, गुरुवार

चार टाकला तर चार उरले. कोरं ठेवलं तर घर कोरं झालं. हे मी लिहितेय आणि मला ते वेड्यासारखं दिसतंय, पण दुसरं कसं लिहू?

बटण आधीपासून जाणतं, की मी टाकते त्यानं होतं? चार दिवस हाच विचार. जाणत असेल तर माझा दोष नाही. पण मग पाचही गेल्यावर त्या रकान्यात आपोआप शून्य का नाही आला, कोराच का राहिला. मी काल शून्य दाबून बघितलं. बसला.

लगेच पुसला. पुसून काय उपयोग.

आता प्रत्येक पाचाच्या घराला मी आधी कागदावरची माणसं पुन्हा मोजते. आज अशी चार घरं होती. चारही ठिकाणी पाच उमटला. चौथ्याला मी रडले. बालवाडीची बाई काय झालं विचारत आली, डोळ्यांत काही गेलं म्हटलं.

९ जानेवारी, बुधवार

एकशेबारा नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. बुधीमावशींचं घर. मावशी, काका, मनिष, शुक्री, बारकी.

सरांना म्हटलं, शेवटची पाच-सहा घरं दुसऱ्या कोणालातरी द्या. म्हणाले, दुसरं कोण आहे? वीस तारखेच्या आत यादी पुढे जायला हवी, नाहीतर या पाड्याचे तंबू दुसऱ्या पाड्याला जातील. थंडीत लहान मुलं उघड्यावर आहेत, हे मला सांगायला नको. आमच्या अंगणातच महिना-दीड महिन्यात एक येणार आहे.

शुक्री आता वाकताना भिंतीचा आधार घेते. भिंत धरू नको, असं मी ओरडले. ती घाबरली.

१२ जानेवारी, शनिवार

मावशींना सांगितलं. सगळं. तुळशीचं, रूपीचं, बटणाचं. त्या तांदूळ पाखडत होत्या, थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “बाय, तू मोजलं काय नि नाय मोजलं काय. आमी हाव तवढी हाव.”

मग सूप बाजूला ठेवून माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

१४ जानेवारी, सोमवार

टाकलं.

उमटलं नाही.

दुपारी दोन ते पाच. बंद-चालू. दुसरा कीबोर्ड. पडद्यावरचा कीबोर्ड. चारात एक मिळवून उत्तर आणायचा प्रयत्न केला, उत्तराच्या जागी कोरं. जीप पकडून डहाणू. जतीनभाईंनी आतली पट्टी तपासली आणि अख्खा कीबोर्ड बदलून नवा घातला. नव्यावर मी दाबलं. नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांनी दाबलं, नाही. वरच्या ओळीत दाबलं, आला. त्यांनी ओळीतलं नाव वाचलं आणि कोणाचं घर म्हणून विचारलं. मी राहते तिथलं, म्हटलं.

त्यांनी लॅपटॉप मिटून हळूच माझ्याकडे सरकवला. “बेन, मशीन बरोबर हाय. मी मशीनच रिपेर करतो.”

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मावशींनी गुळाची पोळी केली, मी तिळगूळ वाटला. सगळे अंगणात बसून जेवलो. मी जेवताना एकेकाकडे बघत होते. चार म्हणजे कोण चार? काकांचं वय झालंय, असं मनात आलं. आलं, हे खरं आहे. मग काकांनी स्वतःच्या पोळीतली अर्धी मला वाढली, तू काही खात नाहीस म्हणून.

मला चार टाकता येणार नाही. कोरं ठेवता येणार नाही.

१६ जानेवारी, बुधवार

सहा टाकला.

सकाळी उठले तेव्हा डोकं एकदम शांत होतं. मी याच घरात राहते, याच चुलीवरचं खाते, याच अंगणात झोपते. मग मला का मोजायचं नाही? सहा दाबलं आणि सहा लगेच उमटला, किती साधा. तीन वेळा फाईल बंद करून उघडली. सहा आहे.

सर दुपारी येऊन लॅपटॉप घेऊन गेले. सहावं कोण विचारलं, मी म्हटलं, मी. त्यांनी खांदे उडवले. यादी पूर्ण झाली म्हणून खूश होते.

कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

२५ जानेवारी, शुक्रवार

संस्थेनं कळवलंय की टायपिंगचं काम संपलं, हवं तर लवकर मोकळी होऊ शकते. आईचाही फोन आला, ये आता, जमीन हलते तिथे कशाला राहतेस. महिनाभर आणखी थांबते म्हटलं. काम आहे म्हटलं.

मी गेले तर ते पाच होतात. पाच होऊ देता येत नाहीत.

तंबू आले. आम्हालाही मिळाला. मावशींना वाटतं मी शुक्रीच्या बाळंतपणासाठी थांबलेय. गावात सगळ्यांना सांगत फिरतात.

३ फेब्रुवारी, रविवार

मोठा धक्का, सकाळी. पुढच्या खोलीची भिंत वरून खालपर्यंत तडकली, दाराची चौकट तिरकी झाली. सहाही जण अंगणात. मोजले. पुन्हा मोजले. सहा.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

मनिष गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार होता, त्याचा मित्र बोलवायला आला. मी मध्ये पडले. त्याला बाजूला नेऊन बटणाचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग मित्राला सांगून आला, की बाळ झाल्यावर बघू.

मी दिवसाला वीस-वीस वेळा मोजते. बारकी शाळेतून यायला उशीर झाला की रस्त्यावर जाऊन उभी राहते. बारकी आता मला शब्द शिकवत नाही. थोडी लांबून जाते.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

शुक्रीला मुलगी झाली. दवाखान्यात, दुपारी बाराला, सुखरूप. मी तिच्याजवळ होते. माझा हात तिनं इतका दाबला की बोटं सुजलीत. काकांनी बाळाला बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. नाव चिमी. वाद मिटला.

मला इतका आनंद आईच्या घरीसुद्धा झाला नव्हता.

१७ फेब्रुवारी, रविवार

काल सगळे घरी आलो. आज सकाळी चूल पेटवताना सवयीनं मोजलं.

मावशी, काका, मनिष, शुक्री, बारकी, चिमी. सहा.

आणि मी.

यादीत सहाच आहेत.

दुपारी टेकाडावर जाऊन रेंज शोधली, सरांना फोन केला. एकशेबाराला सात करा म्हटलं. यादी कधीच वर गेली, छापली गेली, आता कोणालाच बदलता येत नाही, म्हणाले. मी सोडेना. तेव्हा म्हणाले, “अहो, उलट आता तुमचा आकडा बरोबर झाला. बाळ धरून सहा. तुम्ही थोड्याच त्या घरच्या आहात?”

१८ फेब्रुवारी, सोमवार

निघून जायचं. एवढंच आहे. मी गेले की सहा, आणि सहा बरोबर आहेत. कोणालाच काही होणार नाही. इतकं सोपं.

आज जीप नाही. उद्या सरकारी सुट्टी, उद्याही नाही. परवा साडेनऊची.

चालत निघाले होते. नाल्यापर्यंत गेले. काका धावत मागून आले, हात धरून परत घेऊन आले. ताप आहे म्हणतात. बायका सांगतात, बाळाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी कोणी उंबरा सोडून रडत जात नाही. मी रडत होते, हे मला माहीत नव्हतं.

१९ फेब्रुवारी

ताप. तंबूतच. दोन धक्के. चिमी झोपेत हसली. तिला मी हात लावला नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

नऊ वाजले. ताप उतरलाय. सामान पुढच्या खोलीत आहे, ते भरायला आत आले. मावशी नको म्हणत होत्या, मनिष काढून देईल म्हणाल्या. मनिषला मीच आत येऊ दिलं नाही.

बॅग भरली —

सव्वानऊ. धक्का. लहान होता. पण दार ओढलं तर हलत नाही. तिरकी चौकट पूर्ण बसलीय. मनिष बाहेरून लाथा मारतोय. मी त्याला मारू नको म्हटलं, भिंतीतून माती पडतेय. तो शेजाऱ्याची पहार आणायला गेला. खिडकीला गज आहेत.

मावशी खिडकीशी उभ्या आहेत. मी त्यांना लांब व्हा म्हटलं. होत नाहीत. माझ्या हाताला धरून ठेवलंय, मी दुसऱ्या हातानं लिहितेय — लिहिते म्हणजे हात हलतो, नाहीतर —

काकांनी त्यांना ओढून नेलं. बरं झालं.

जीपचा हॉर्न. खाली रस्त्यावर थांबलीय. बारकी तिला थांबवायला पळाली.

अंगणात ऊन छान आहे. शुक्री चिमीला घेऊन तंबूच्या तोंडाशी बसलीय. मनिष पहार घेऊन येतोय. मावशी. काका. बारकी परत आली, ड्रायव्हर थांबतो म्हणाली.

सहा. सहाही बाहेर. आत कोणी नाही —

म्हणजे मी

पुन्हा मोजते. मावशी, काका, मनिषनं पहार घातली, शुक्री, बार